चिखलाचा मोसम, मुरुमाचा मोसम

नवी मुंबईत सायकल घेतलेल्या बहुतेकांची सुरुवात पाम बीच रोडवर होते. माझीही तिथंच झाली. पहाटे खारघरहून निघायचं, बेलापूर ते वाशी सरळसोट रस्ता मारायचा, वळसा घालून परत फिरायचं, वाटेत नेरूळला चहा. रस्ता गुळगुळीत असल्यामुळे सायकल पळते. गाड्याही त्याच कारणाने पळतात. २८ फेब्रुवारी २०२४ च्या पहाटे इंटेल इंडियाचे माजी प्रमुख अवतार सैनी त्याच रस्त्यावर, नेरूळजवळ, सायकल चालवताना कॅबच्या धडकेने गेले. ते काही नवशिके नव्हते. त्या दिवशी आमच्या घरी कुणी मला रागावलं नाही की भीती घातली नाही. सासूबाई संध्याकाळी भाजी निवडताना एवढंच म्हणाल्या, "सायकल सोडू नकोस. रस्ता सोड."

मी रस्ता सोडला. मग उरली माती.

पुढे 'रेस', 'सीझन' वगैरे शब्द येणार आहेत, त्यामुळे आधीच सांगून टाकते. मी बँकेत नोकरी करते, चाळिशी ओलांडली आहे, आणि शाळेत धावण्याच्या शर्यतीत माझं नाव कधी पुकारलं गेलेलं नाही. आमचा ग्रूपही असाच. कुणी एमआयडीसीत शिफ्ट करतं, कुणाचं मेडिकल आहे, एक जण शिक्षक आहेत. त्यातल्या एका दादाने काही वर्षं पुण्यात माउंटन बाइकच्या रेस केल्या होत्या. त्याच्या डोक्यात सायक्लोक्रॉसचं खूळ शिरलं होतं आणि ते त्याने आमच्या डोक्यात घातलं.

सायक्लोक्रॉस म्हणजे काय, हे ऑफिसात समजावता समजावता माझा लंच टाइम संपतो. सायकल दिसायला रोड बाइकसारखीच, खाली वळलेल्या हँडलची; टायर मात्र जरा रुंद आणि खाचांचे. अडीच-तीन किलोमीटरचा वाकडातिकडा कोर्स गवत, चिखल, वाळू, चढ, पायऱ्या यांतून फिरवलेला असतो. मध्येच मुद्दाम आडव्या फळ्या लावलेल्या असतात, जास्तीत जास्त ४० सेंटिमीटर उंचीच्या. चालवता येईल तिथं चालवायची, नाही तिथं उतरून सायकल उचलायची, पळायचं आणि पुन्हा टांग मारायची. आंतरराष्ट्रीय शर्यतीत टायर ३३ मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही. पुरुषांची शर्यत साधारण तासाभराची असते, बायकांची थोडी कमी. पहिली जागतिक स्पर्धा १९५० साली पॅरिसला झाली आणि जाँ रोबिकने जिंकली, म्हणजे ज्याने १९४७ ची टूर द फ्रान्स जिंकली होती तोच. बायकांसाठी जागतिक स्पर्धा सुरू व्हायला मात्र २००० साल उजाडलं. माउंटन बाइकिंग त्या मानाने शहाणं निघालं. १९९६ ला अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये ते आलं, तेव्हा पहिल्याच वर्षी दोघांच्याही शर्यती होत्या.

बेल्जियम-नेदरलँड्सकडे सायक्लोक्रॉसचा मोसम सप्टेंबर ते फेब्रुवारी असतो, कारण त्यांच्याकडे चिखल हिवाळ्यात होतो. आपल्याकडे जानेवारीत चिखल कुठून आणणार, टँकर मागवून? दादाने सरळ उलटा हिशोब मांडला. मुंबईत पाऊस साधारण ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास जातो, ही हवामान खात्याची सरासरी. तेवढे दिवस क्रॉस. पाऊस ओसरून डोंगर सुकले की माउंटन बाइक. आणि भात कापणी झाली की पुन्हा एकदा क्रॉस, यावेळी कोरड्या शेतात. मला हा हिशोब फार पटला. आपल्याकडचे बरेच सायकल ग्रूप परदेशी कॅलेंडर भिंतीवर लावतात आणि भर मे महिन्यात 'पीक फॉर्म' शोधत उन्हात मरतात.

क्रॉसमधली निम्मी मेहनत उतरण्या-बसण्याची असते, हे मला ठाऊकच नव्हतं. जूनभर खारघरच्या एका मोकळ्या मैदानावर आम्ही तेवढंच केलं. दोन-दोन विटांच्या थप्प्या आणि त्यांवर आडवा पीव्हीसी पाइप, म्हणजे पाय लागला तर पाइप पडावा, माणूस नाही.

उतरायचं असं. वेगात असतानाच उजवा पाय पेडलमधून सोडवायचा आणि सीटवरून मागे टाकून डावीकडे आणायचा. आता तुम्ही डाव्या पेडलवर एकाच पायावर उभे आणि सायकल चालूच आहे. डावा हात हँडलवर, उजवा हात टॉप ट्यूबवर, म्हणजे फ्रेमच्या वरच्या दांड्यावर. पाइप दोन पावलांवर आला की डाव्या बुटाचा क्लीट, म्हणजे पेडलला अडकणारा तुकडा, सोडवायचा आणि उजवा पाय जमिनीला लागताच थेट पळत सुटायचं. थांबायचं नाही; थांबलात की मागचा माणूस अंगावर येतो. डावा क्लीट वेळेवर सुटला नाही की मग लोटांगण. आमच्यातल्या प्रत्येकाने ते घातलं, पावसाने मऊ झालेल्या मातीत ते फारसं लागतही नाही.

बसणं त्याहून अवघड. पळता पळता दोन्ही हात हँडलवर, डाव्या पायाने रेटा, आणि उडी अशी की उजव्या मांडीची आतली बाजू सीटवर टेकेल. तिथून घसरत मध्ये यायचं, पायांनी पेडल शोधायचं. उडी वर मारायची नसते, पुढे मारायची असते. नवशिक्याची मध्येच एक अडखळती टुणकी येते, मन तयार नसतं म्हणून. माझी ती टुणकी जायला अख्खा जून गेला. मैदानात क्रिकेट खेळणारी पोरं सुरुवातीला हसायची. एकाने तर येऊन विचारलं, "आंटी, सायकल खराब झाली का? पुढे दुकान आहे." पुढे पुढे तीच पोरं पाइप पुन्हा विटांवर ठेवायला धावू लागली आणि कुणाची उडी चुकली ते ओरडून सांगू लागली.

खांद्यावर घेण्याचीही रीत आहे. सायकल उचलून टॉप ट्यूब उजव्या खांद्यावर टेकवायची, उजवा हात डाऊन ट्यूबखालून, म्हणजे खालच्या तिरक्या दांड्याखालून, पुढे नेऊन हँडलचा डावा वाक पकडायचा, म्हणजे पुढचं चाक फिरत नाही आणि डावा हात मोकळा राहतो. यासाठी बाटलीचे स्टँड काढून टाकावे लागतात, नाहीतर ते बरगडीत रुततात. म्हणजे रेसभर पाणी नाही. पाऊणएक तासाची शर्यत असते, चालतं. पण जुलैतल्या उकाड्यात, पाऊस थांबला की, तो पाऊण तास फार लांबतो.

पहिली रेस जुलैत, पनवेलच्या पुढे एका गावाजवळच्या वरकस जमिनीवर. खालच्या खाचरांत आवणी चालू होती, बायका ओळीने वाकून रोपं लावत होत्या, आणि वर आम्ही रंगीत कपडे घालून कोर्स आखायची टेप बांधत होतो. कोर्स जेमतेम दोन किलोमीटरचा. चाळीस मिनिटं आणि वर एक फेरा. ३३ मिलिमीटरचा नियम लावला असता तर निम्मे घरी गेले असते, त्यामुळे ज्याच्याकडे जी सायकल आहे ती चालली. माझी ॲलॉयची ग्रॅव्हल बाइक, म्हणजे कच्च्या रस्त्यांसाठीची, ३८ चे टायर. बायका आम्ही तिघी. पुरुषांबरोबरच सोडणार, असं सकाळी सांगण्यात आलं.

सुरू होण्यापूर्वीचा अर्धा तास सगळे टायरच्या हवेवरच बोलत असतात. हा विषय पुरुष मंडळींच्या विशेष जिव्हाळ्याचा. हवा कमी केली की टायर जमिनीवर जास्त पसरतो आणि खाचा चिखलात पकड घेतात. फारच कमी केली की दगडावर रिम आपटते, किंवा वळणावर ट्यूबलेस टायर काठातून फस्स करून हवा सोडतो. माझं वजन बासष्टच्या आसपास. पुढे २४ पीएसआय आणि मागे २६, असं दादाने ठरवून दिलं आणि "आता कुणाचं ऐकू नकोस" असं बजावलं.

चिखल चिखलात फरक असतो, हे पहिल्या फेऱ्यात कळलं. चढावरचा तांबूस, मुरूम मिसळलेला चिखल चाकाला लागतो आणि उडून जातो. खालच्या सपाटीवरचा काळपट चिखल मळलेल्या पिठासारखा चिकटतो, गवताच्या काड्या धरून फ्रेम आणि टायरच्या मधल्या फटीत साठत जातो, आणि मग चाक फिरायचंच थांबतं. कोरडी अकरा किलोची सायकल खांद्यावर घेतली तर खांदा सांगतो की आता ही अकरा किलोची राहिली नाही. त्यावरचा उपाय मला मागून येणाऱ्या एका मुलाने ओरडून सांगितला: डबकं टाळू नका, डबक्यातूनच जा. पाणी चाक धुतं. तोवर मी सगळी डबकी शहाण्यासारखी टाळत होते.

मोठ्या शर्यतींत खेळाडू अर्ध्या फेऱ्यात सायकल बदलतात. पिटमध्ये दुसरी सायकल तयार असते, पहिली प्रेशरच्या पाण्याने धुऊन तेल लावून पुढच्या वेळेसाठी ठेवतात. माझ्या पिटमध्ये अकरावीतला भाचा, एक बादली आणि जुना टूथब्रश होता. त्याने चालू रेसमध्ये तीन वेळा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, घासून दिला आणि दर वेळी "मामी, दात घासले" असं म्हणाला. सगळ्यांत पुढचा गडी मला एक फेरा मागे टाकून गेला. तिघींत मी दुसरी आले. बक्षीस नव्हतं. वडापाव होता, गरम.

नडग्यांवर ओरखडे उठले होते आणि ज्या मैदानात गुरं चरतात तिथला चिखल त्यांत गेला होता. आमच्या डॉक्टरांना मी सहज सांगायला गेले तर ते हसले नाहीत. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा जंतू, उंदरांच्या, गुरांच्या, कुत्र्यांच्या लघवीतून पाण्यात उतरतो आणि जखमेतून अंगात शिरतो. साचलेल्या पाण्यातून चालणाऱ्यांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवून प्रतिबंधक औषध घ्यावं, असं महापालिकाही दर पावसाळ्यात सांगते. डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन दिली आणि पुढच्या रेसला गुडघ्यापर्यंत मोजे घालून जायला सांगितलं. तेव्हापासून आमच्या ग्रूपमध्ये रेसआधी कुणाच्या पायावर ताजी जखम आहे का, हे विचारलं जातं आणि असेल त्याला टेप धरायला उभं करतात. बेल्जियमच्या व्हिडिओंत हे कुणी शिकवत नाही.

त्याच महिन्याच्या शेवटी पॅरिस ऑलिंपिकच्या माउंटन बाइक शर्यती फोनवर पाहिल्या. पोलिन फेरां-प्रेव्होने घरच्या मैदानावर सोनं घेतलं. ही बाई रस्ता, सायक्लोक्रॉस आणि माउंटन बाइक या तिन्हींची जगज्जेतेपदं २०१५ साली एकाच वेळी बाळगून होती. पुरुषांत टॉम पिडकॉकचं पुढचं चाक पंक्चर झालं, त्याने ते बदलून घेतलं, कितीतरी मागे पडला आणि तरी जिंकला. माउंटन बाइकमध्ये सायकल बदलता येत नाही. ठरलेल्या जागी चाक, साखळी, जे काय दुरुस्त करायचं ते त्याच सायकलीवर. हे मला क्रॉसपेक्षा जास्त आवडतं. जिच्याकडे एकच सायकल आहे तिला आवडणारच.

ऑगस्टमध्ये खारघरचे डोंगर आम्हाला बंद. पांडवकडा धबधबा आणि आजूबाजूला दर पावसाळ्यात बंदी असते, पोलिस उभे असतात. त्यावर कुरकुर करणारे सायकलवाले आहेत. मी त्यांच्यात नाही. तिथं दरवर्षी पोरं वाहून जातात, पोलिसांनी आमच्यासाठी कुठं दोर सोडायचा? चढाचा सराव मी ठाण्याला केला. बहीण वसंत विहारला राहते. शनिवारी रात्री तिच्याकडे मुक्काम, रविवारी उपवन तलावापासून येऊरचा चढ. वर गेलं की खाली, पुन्हा वर. फक्त डांबरी रस्त्यावर. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, आतल्या पायवाटांवर परवानगीशिवाय सायकल घालणं मला मान्य नाही, मग इन्स्टाग्रामवर कुणी काहीही टाको. त्या वर्षी डोंगरावरची कारवीची झुडपं फुलायची होती. आठ वर्षांनी एकदा फुलते. आधीची २०१६ ची. सप्टेंबरात येऊरच्या उतारांवर जांभळा रंग चढला आणि रस्त्यावर गाड्यांची रीघ लागली. माझे इंटरव्हल, म्हणजे त्या चढाच्या फेऱ्या, बोंबलले. बहीण म्हणाली, "तायडे, उतर आणि बघ ना जरा." बघितली. पुढची २०३२ ला.

ऑक्टोबरची उष्णता सुरू झाली आणि मी सायकल बदलली. जुनी, सेकंडहँड घेतलेली हार्डटेल, २९ इंची चाकं, सस्पेन्शन फक्त पुढच्या फोर्कला. फोर्कमध्ये हवा इतकी भरायची की नुसतं बसल्यावर तो आपल्या प्रवासाच्या वीस-पंचवीस टक्के दबेल. दुकानातून आली तेव्हा त्यात सत्तर-ऐंशी किलोच्या माणसाची हवा होती आणि मी त्यावर लाकडी फळीवर बसल्यागत आपटत होते. हवा कमी केली आणि सायकल दगडांवरून बोलायची बंद झाली.

क्रॉसमध्ये नजर जवळ असते: हे वळण, ती फळी, तो खड्डा. माउंटन बाइकवर जवळ पाहिलं की पडलात. जिथं जायचंय तिथं पाहायचं, दहा-पंधरा मीटर पुढे. मधल्या दगडांचं सायकल आणि गुडघे बघून घेतात. हे वाचायला सोपं आहे. खारघर टेकडीवर फणसवाडी-चाफेवाडीकडे जाणारा डांबरी रस्ता चढून गेलं की बाजूला वाटा फुटतात, बेसॉल्टचे उघडे कातळ आणि त्यांवर सुटा मुरूम. कातळावर ब्रेक लागतो, मुरमावर लागत नाही. म्हणजे वळणाच्या आधी, कातळ असेल तेवढ्यातच, वेग मारून घ्यायचा आणि मुरमावर पुढच्या ब्रेकचं बोटसुद्धा उचलायचं. ज्याला भीती वाटते तो नेमका मुरमावर ब्रेक दाबतो. माझ्या डाव्या कोपरावर अजून खूण आहे.

पाड्यावरच्या बायका सकाळी डोक्यावर ओझं घेऊन त्याच वाटांनी खाली उतरतात, अनवाणी किंवा प्लास्टिकच्या चपलांत, आणि आमच्यापेक्षा सरळ चालीने. त्या दिसल्या की आम्ही उतरून कडेला उभं राहायचं, हा ग्रूपचा नियम. आमच्यासाठी तो ट्रेल असेल, त्यांचा तो बाजाराचा रस्ता आहे. एकीने एकदा माझ्या हेल्मेटकडे आणि गुडघ्यांच्या पॅडकडे पाहून विचारलं, "एवढं बांधून पडायला येता?" उत्तर सुचलं नाही.

नोव्हेंबरमध्ये पुण्याजवळ माउंटन बाइकची रेस होती. पाच किलोमीटरचा फेरा, पुरुषांना पाच, बायकांना चार. कोर्स सुरेख आखलेला होता, हे आधी कबूल करते. पण तिथं जे झालं ते मला अजून पचलेलं नाही.

आंतरराष्ट्रीय शर्यतींत ऐंशी टक्क्यांचा नियम असतो. सगळ्यांत पुढच्या स्पर्धकाला पहिल्या फेऱ्याला जितका वेळ लागला, त्याच्या ऐंशी टक्के वेळाने तुम्ही मागे पडलात की तुम्हाला बाहेर काढतात, म्हणजे पुढच्यांच्या वाटेत गर्दी होत नाही. नियम चांगला आहे. तिथं सगळ्यांना एकत्र सोडलं आणि नियम सगळ्यांना एकाच माणसावरून लावला. तो माणूस एक फेरा अठरा मिनिटांत मारत होता. अठराचे ऐंशी टक्के म्हणजे चौदा मिनिटं चोवीस सेकंद. मी चोवीस मिनिटांच्या आसपास मारत होते. पहिल्या फेऱ्याला सहा मिनिटं मागे, दुसऱ्याला बारा, तिसऱ्यात मध्येच चौदा ओलांडली आणि फेरा संपताच मार्शलने हात आडवा केला. आता बायकांतली पहिली एकवीस मिनिटांनी फेरा मारत होती. तिच्यावरून हिशोब केला असता तर मर्यादा पावणेसतरा मिनिटांच्या वर गेली असती आणि चार फेऱ्यांनंतर मी तिच्या बारा मिनिटं मागे असते. म्हणजे शर्यत पूर्ण झाली असती. आम्हा पाच जणींपैकी फक्त पहिल्या दोघींचे चार फेरे झाले. मी रेसच्या नंबरपट्टीच्या मागच्या कोऱ्या बाजूला हा हिशोब लिहून आयोजकांना दाखवला. एक जण म्हणाला, "मॅडम, लेडीज कॅटेगरीत एंट्रीच कमी असते, त्यासाठी वेगळा स्टार्ट परवडत नाही." एंट्री कमी का असते, हे मी त्याला विचारलं. तो कोर्सचे खांब उपटायला गेला.

डिसेंबरची रेस मात्र आमच्या घरची म्हणावी अशी झाली. पनवेल तालुक्यात, नेरे गावाच्या पलीकडे, भात कापून झालेली खाचरं. एका आगरी काकांनी जमीन दिली, अट एकच: शेजारच्या तुकड्यांत वाल पेरलाय, तिकडं चाक जाता कामा नये. भात निघाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात, त्यामुळे आम्हाला मिळाली ती न पेरलेली, वेडीवाकडी पट्टी. पण क्रॉसचा कोर्स वेडावाकडाच हवा असतो. आणि फळ्या लावायची गरजच पडली नाही. दर वीस-तीस पावलांवर बांध, वीतभर ते हातभर उंच. दादा टेप बांधताना लहान मुलासारखा खूश होता. "हे बघ," म्हणाला, "बेल्जियमवाल्यांना फळ्या ठोकाव्या लागतात."

जमीन वाळून तडकली होती. तडे चाकाच्या दिशेने गेले की पुढचं चाक रुळात अडकल्यासारखं जायचं. भाताची धसकटं टोकदार, टायरमधलं सीलंट जागोजागी पांढरं होऊन फुटत होतं आणि भोकं बुजवत होतं. काका बांधावर बसून तंबाखू मळत सगळं पाहत होते. तिसऱ्या फेऱ्याला मी त्यांच्यासमोर उतरले, सायकल उचलली, बांध ओलांडला, पळत पळत बसले. ते ओरडले, "बाय, सायकल चालवाला आलाव का उचलून न्यावाला?" दम लागलेला असताना हसू आलं की पोटात कळ येते.

या रेसला बांध इतके होते की पायांत जोर असलेले पुरुष दर बांधावर थांबत होते, एक पाय टेकवत होते, सायकल ढकलून वर घेत होते, पुन्हा पेडल शोधत होते. मी थांबत नव्हते. सरळ पट्टीत ते मला मागे टाकायचे आणि पुढच्या दोन बांधांत मी त्यांना गाठायचे. एका धिप्पाड तरुणाला मी चार वेळा गाठलं, आणि शेवटच्या फेऱ्याला, ओढ्याच्या काठच्या उंच बांधावर, तो सायकल ओढत असताना मी पलीकडे उडी मारून बसलेली होते. पुढच्या गड्याने यावेळीही मला एक फेरा मागे टाकलंच. पण निकालाच्या कागदावर माझ्याखाली सात पुरुषांची नावं होती आणि तो कागद मी फोटो काढून बँकेच्या ग्रूपवर टाकला. मॅनेजर साहेबांनी अंगठा दाखवला.

रेस झाल्यावर काकांच्या घरच्यांनी पोपटी लावली. मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, ओवा, जाडं मीठ, वरून पुन्हा पाला ठासून मडकं उपडं, भोवती पेंढा आणि लाकडं पेटवलेली. शेंगा काकांनी आधीच पेरलेल्या वालाच्या होत्या. मडकं फोडल्यावर जो वास आला त्यात रेसचा निकाल कुणाला आठवला नाही, त्या धिप्पाड तरुणालासुद्धा.

जानेवारीची कर्जतकडची माउंटन बाइक रेस धुळीत गेली आणि तिच्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. चेन तुटली, जोडली, संपवली.

२ फेब्रुवारी २०२५ ला संध्याकाळी फ्रान्समधल्या लिएवाँची सायक्लोक्रॉस जागतिक स्पर्धा टीव्हीला फोन जोडून पाहिली. मॅथ्यू व्हान डर पूलने सातवं विजेतेपद घेतलं आणि एरिक दे व्लामिंकच्या विक्रमाची बरोबरी केली. आदल्या दिवशी बायकांत फेम व्हान एम्पल सलग तिसऱ्यांदा जिंकली होती. तिची शर्यत मी सासूबाईंसोबत पाहिली. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ह्याही उचलूनच पळतायत की. मला वाटलं तुम्हालाच चालवता येत नाही."

मार्चमध्ये खारघरच्या डोंगरावर वणवे लागायला लागले, गवत काळं झालं, वाटांवर राख. मी सायकली खोलायला दिल्या. ग्रॅव्हल बाइकचे रेझिनचे ब्रेक पॅड चिखलाने धातूपर्यंत झिजले होते; पुढच्या पावसाळ्यासाठी धातू मिसळलेले टाकायला सांगितले, आवाज करतात पण टिकतात. बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पेडलच्या आसाच्या, बेअरिंगमधून गंजाचं पाणी निघालं. मिस्त्री म्हणाला, "ताई, प्रेशरने धुता का?" सोसायटीच्या पाइपने धुते म्हटल्यावर त्याने मान हलवली आणि बेअरिंगवर थेट पाणी मारू नका, म्हणून दाखवून दिलं. हार्डटेलला नवी चेन आणि मागचा टायर. बिल पाहून नवऱ्याने विचारलं, की जिममध्ये याहून स्वस्तात घाम येतो ना?

जुलैच्या रेसची तयारी आता सुरू आहे. बायकांना पुरुषांआधी दोन मिनिटं सोडा आणि मर्यादा आमच्यातल्या पहिलीवरून धरा, असं मी दादाला सांगितलं. तो म्हणाला, आठ नावं आण, वेगळा स्टार्ट देतो. जुलैतल्या आम्ही तिघी आहोतच. बँकेतली एक, ठाण्याची बहीण (तिच्याकडे सायकलच नाही, माझी हार्डटेल घेईल), आणि मैदानात क्रिकेट खेळणाऱ्या पोरांपैकी एकाची आई, जी रोज संध्याकाळी त्याला बोलवायला येते आणि आमच्या उड्या पाहत उभी राहते. सहा झाल्या. अजून दोन हव्यात.